सातव्या होलचे सहा

दारव्हा
१८ डिसेंबर २००६

सलोनी,

पत्र फाडायचं असेल तर आधी पाकिटातल्या झेरॉक्स बाहेर काढ. ऑरगॅनिकची दोन प्रकरणं आहेत आणि झूलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या आकृत्या. गांडूळ मी काढलेलं आहे, त्यामुळे ते तुला शेवग्याची शेंग वाटेल. नावं मात्र बरोबर आहेत.

आठ दिवस झाले, तू कॉलेजात नाहीस. शनिवारी मी तुमच्या शेतावर गेले. बेबीकाकू एकट्याच कापूस वेचत होत्या. सलोनी कुठे म्हणून विचारलं तर लेकीचं नाव ऐकूनही मान वर न करता म्हणाल्या, "फुलसावंगीले गेली, मामाच्या घरी." कधी येणार? तर म्हणाल्या, "तिले इचार." म्हणून विचारते आहे. कधी येणार?

तू माझ्यावर रागावली आहेस हे कळायला मला ज्योतिषी नको. पण माझ्यावरचा राग परीक्षेवर कशाला? फॉर्म भरायची शेवटची तारीख २० जानेवारी आहे. तुझ्या वतीने मी भरू का म्हणून ऑफिसात विचारून आले, तर सही तुझीच लागते म्हणाले. ती तारीख हुकली की सेकंड इयरचं अख्खं वर्ष गेलं. तुझ्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली तू पहिली. सदाशिवकाकांनी तुझं नाव घातलं तेव्हा गावाने त्यांना काय काय ऐकवलं, ते तूच मला सांगितलं होतंस. ती तोंडं परत उघडायला तू का संधी देतेस?

आता त्या रविवारचं. एकदाच लिहिते. कालच बाबांना सगळं समजावून सांगावं लागलं. तहसील कचेरीत जन्म गेला त्यांचा, त्यांना गोल्फमधलं एवढंच खटकलं की पोरी एकमेकींचे गुण मांडतात. म्हणाले, "परीक्षेतही अशीच सोय असती तर तुला फर्स्ट क्लासची काळजी नव्हती." मी त्यांना सांगितलं, बाबा, या खेळात मागे फिरणारा पंच नसतो. मी सलोनीचे फटके लिहायचे, तिने माझे. शेवटी जिचं कार्ड तिने ते तपासून सही करायची आणि टेबलावर द्यायचं. दिलं की संपलं. मारले त्यापेक्षा कमी फटक्यांवर सही झालेली निघाली तर स्पर्धेतून बाद.

आपल्या गिरणीच्या मैदानाला ते राखणाऱ्या उकंडाकाकांचा नियम आहे, की चेंडू शेजारच्या कापसाच्या पऱ्हाटीत गेला तर वेचणाऱ्या बायांना त्रास द्यायचा नाही, शेताच्या बांधाशी, धुऱ्यावर, दुसरा चेंडू टाकून खेळायचं, दंड नाही. सातवीपासून आपण तसंच खेळलो. त्या दिवशी विद्यापीठाच्या संघातल्या जागेसाठी निवड चाचणी होती. नागपूरच्या पंचांनी कागद काढला होता, की धुऱ्यावरून खेळा, पण एक फटका दंड. तुझा चेंडू दुसऱ्या फेरीत सातव्या होलवर तुमच्याच कापसात गेला. तू धुऱ्यावरून खेळलीस, सवयीने पाच म्हणालीस, मी सवयीने पाच लिहिले. ते सहा होते. सही झाल्यावर मला आठवलं आणि मी जाऊन पंचांना सांगितलं. गप्प बसले असते तर ती लबाडी झाली नसती का? खरं बोलले म्हणून तू मला वाळीत टाकणार?

जागा मला मिळाली, ती काही मी मागायला गेले नव्हते. फेब्रुवारीत आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे आणि त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल. बाबांची अट तुला माहीत आहे, फर्स्ट क्लास गेला की गोल्फच्या काठ्या माळ्यावर. मी दोन्ही करून दाखवणार आहे. पहाटे मैदान, मग कॉलेज, संध्याकाळी केमिस्ट्री. वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे. त्यात तुझ्या वाटचा रकाना रिकामा आहे.

लौकर ये.

आभा


दारव्हा
२७ डिसेंबर २००६

सलोनी,

उत्तर नाही. हरकत नाही, हट्टात तू मला हरवशील असं वाटत असेल तर ते विसर. महागावहून तुमच्या फुलसावंगीला टपाल दोन दिवसांत पोचतं असं पोस्टातले बाबूजी म्हणतात, म्हणजे पत्र मिळालेलं आहे. या वेळी बॉटनी पाठवते. फॉर्मला चोवीस दिवस उरले.

मैदानाची खबर अशी की होलभोवतीचे वाळूचे ब्राऊन अजून तसेच आहेत. गिरणी बंद पडून चार वर्षं झाली, पगार नाही, तरी उकंडाकाका गॅरेजमधून जळकं तेल आणून वाळूवर मारतात आणि होलभोवती ती सारखी करतात. इथे जन्माला आलेल्या कोणालाही गोल्फची हिरवळ म्हणजे काळी वाळूच वाटेल. मी रोज सहाला जाते. ब्राऊनवर होलकडे एकेक पट मारताना एकेक रिअ‍ॅक्शन म्हणते. काल बेंझीनचं नायट्रेशन बिनचूक आलं आणि चेंडू तीन वेळा होलला वळसा घालून गेला. सात काठ्या आता एकटीलाच वाहाव्या लागतात. आपण दोघींत त्या वाटून घ्यायचो तेव्हा पिशवी इतकी जड आहे हे कळलं नव्हतं.

उकंडाकाका माझ्याशी बोलत नाहीत. वाळू सारखी करतात आणि निघून जातात. मी शेवटी त्यांना अडवून विचारलं, काका, मी काय केलं? ते म्हणाले, "कागद तुया हातात होता ना वं, आभा?" मी म्हटलं, हो, जोडीला एक कागद दिला होता. "मंग," म्हणाले आणि तेलाचा डबा उचलून चालते झाले. आता या 'मंग'चा मी काय अर्थ काढायचा?

कागद माझ्याकडे होता हे खरंच आहे. इंग्रजीत होता, म्हणून तू म्हणालीस, "तू वाच अन् मले सांगजो." मी सांगितलंही. पहिल्या होलवर उभ्या उभ्या तीन गोष्टी सांगितल्या. कापसाची चौथी राहिली, कारण माझ्या डोक्यात रसायनं घोळत होती. दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे मी, एखादी गोष्ट निसटते. तेवढी चूक मी मान्य करते.

कॉलेजात काय बोलतात ते तुला कळलं असेलच, म्हणून लपवत नाही. थर्ड इयरचा एक जण कँटीनमध्ये सांगत होता, "तिच्या मायनं बॉल उचलून बाहेर फेकला. मायलेकी मिळून खेळल्या." मी त्याला तिथेच झापलं. म्हटलं, बेबीकाकू तिथे होत्या कारण यंदा कापसाला भाव नाही आणि तुमच्याकडे वेचायला बाया लावल्या नाहीत. आणि नेहमीसारखा त्यांनी चेंडू परत दिला, त्यात काय झालं? तो म्हणाला, "मंग कार्डावर पाच काहून होते?" याचं उत्तर मी दिलं नाही. घंटा झाली होती.

तू आलीस तर आपण दोघी मिळून त्याला उत्तर देऊ.

आभा


दारव्हा
४ जानेवारी २००७

सलोनी,

हे पत्र फाडू नकोस. यात झेरॉक्स नाहीत.

काल मी परत तुमच्या शेतावर गेले. मैदानाकडून गेले तर धुऱ्याजवळच्या पाच ओळी वेचल्याच नव्हत्या. बोंडं फुटून कापूस लोंबत होता, काही खाली मातीत पडला होता. आणि काकू पार पलीकडच्या टोकाला वेचत होत्या. यंदाच्या साली, जेव्हा काका खरेदी केंद्रावर तीन तीन दिवस बैलबंडी घेऊन रांगेत उभे राहतात, तेव्हा कापूस मातीत? मी विचारलं, काकू, इकडच्या ओळी का सोडल्या? त्या म्हणाल्या, "तिकडं लोकं असतात, बाई. पुन्हा म्हनतीन, बॉल उचलाले बसली."

मी त्यांच्याकडून एक ओढणी मागून कमरेला ओटी बांधली आणि त्या ओळी वेचायला लागले. पाच नाही झाल्या. दीड झाली. बोटं सोलली आणि ओटीत कापसापेक्षा कचराच जास्त. काकूंनी तो निवडून घेतला, मला पाणी दिलं, आणि मग हळूच विचारलं, "तू तं संगंच होती. खरं सांग, माया पोरीनं मुद्दाम केलं काय?"

तुझ्या आईने हे मला विचारलं, सलोनी. मी ओढणी सोडून त्यांना परत दिली आणि घरी आले. मला काय माहीत होतं ते आता लिहिते.

मला सही झाल्यावर आठवलं नाही. आधीच आठवलं होतं. सातव्यावर पाच लिहिले तेव्हा खरोखर विसरले होते, एवढं मात्र खरं. पण आठव्याच्या ब्राऊनवर तू पट मारत होतीस आणि मी खिशातली केमिस्ट्रीची चिठ्ठी काढायला हात घातला तर हातात पंचांचा कागद आला. तो उघडला. चौथी ओळ वाचली. तेव्हा तुला सांगायचं, सलोनी, थांब, सातव्याचे सहा कर. एवढंच काम होतं. मी कागद घडी करून परत ठेवला.

शेवटचा होल संपेपर्यंत मनात हिशेब पुरा झाला होता. तुझे पाच धरले तर तू एक्याण्णव, सहा धरले तर ब्याण्णव. माझे त्र्याण्णव झाले होते. म्हणजे खरं वेळेवर सांगितलं असतं तरी तूच जिंकत होतीस, एका फटक्याने. चुकीच्या पाचावर तुझी सही झाली तरच जागा मला येत होती.

टेबलाशी आपण बसलो. मी कार्ड तुझ्याकडे सरकवलं. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "बरोबर हाय ना?" मी म्हटलं, हो. तू एकदाही आकडे न बघता सही केलीस, कारण मी हो म्हटलं होतं. कार्ड पेटीत पडेपर्यंत मी थांबले आणि मग पंचांकडे जाऊन अगदी कसनुसा चेहरा करून सांगितलं, सर, मला वाटतं एक चूक झाली आहे. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आदर्श खेळाडू म्हणाले.

त्यानंतर तीन आठवडे मी तुला पत्रांतून नाकाने कांदे सोलून दाखवत होते. मला लाज वाटते. हे असं नुसतं लिहिल्याने काही होत नाही हेही कळतं.

माफी मागत नाही. आधी जे करायचं ते करते.

आभा


दारव्हा
११ जानेवारी २००७

सलोनी,

केलं. क्रमाने सांगते.

सोमवारी राठोड सरांकडे गेले. क्रीडा विभागाच्या खोलीत ते व्हॉलीबॉलमध्ये हवा भरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पंप बाजूला ठेवला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, कायले उकरून राह्यली? सीट आपल्याच कॉलेजले भेटली ना? तू नाही तं ती, ती नाही तं तू." मी म्हटलं, सर, लोक सलोनीला खोटारडी म्हणतात. ते म्हणाले, "दोन महिन्यांत इसरतीन." मी म्हटलं, तिचा फॉर्म बारा दिवसांत आहे. मग त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "लेखी देशील तं तुयी जागा जाईन, अन् वरून दोन वर्षं कुठंच उतरू नाही देनार. अन् सलोनीले जागा वापस नाही भेटत, हे समजून घे. सही म्हंजे सही. ती अमरावतीच्या पोरीले जाईन, जिचे सत्त्याण्णव होते." मी म्हटलं, समजलं. कोणाच्या नावाने लिहू?

खरं सांगू का, दार लावून घेतलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. सर म्हणतात तर राहू द्यावं, असं वाटलं. ते तुला कळावं म्हणून लिहिते, नाहीतर मी पुन्हा आदर्श खेळाडू व्हायची.

अर्ज घरी लिहिला. बाबांना न दाखवता पाठवावा असा विचार होता, पण कार्बन कागद त्यांच्याच टेबलात. त्यांनी अर्ज वाचला. मला वाटलं, काठ्या गेल्या माळ्यावर. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि मी जिथे 'नजरचुकीने' लिहिलं होतं त्या शब्दावर बोट ठेवलं. विचारलं, "हे खरं आहे?" मी म्हटलं, नाही. "मग काढ. अर्जात एक शब्द खोटा असला की सगळा अर्ज खोटा." मी तो शब्द काढून 'माहीत असूनही' लिहिलं. त्या दोन शब्दांना मला पाऊण तास लागला. बाबा तोवर समोर बसून राहिले. मग एवढंच म्हणाले की प्रॅक्टिकल आता बुडणार नाही, तेव्हा फर्स्ट क्लासची सबब चालणार नाही.

अर्जाची एक प्रत विद्यापीठाला गेली. दुसरी मी नोटीस बोर्डावर लावली आहे, परीक्षेच्या फॉर्मच्या सूचनेच्या बाजूला, म्हणजे प्रत्येकाला वाचावीच लागेल. शिपाई काढायला आला होता. राठोड सरच मागून म्हणाले, "राहू दे."

आता वाचतात आणि मी गेले की गप्प होतात. कँटीनमधल्या त्या थर्ड इयरवाल्याला मी बोर्डापर्यंत नेऊन उभं केलं आणि मोठ्याने वाच म्हटलं. अर्ध्यावर तोच घामाघूम झाला.

सगळ्यात अवघड राहिलं होतं ते परवा केलं. बेबीकाकूंना सांगितलं. त्या शिव्या देतील म्हणून मी तयारीने गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं. ओटी सोडून बांधावर बसल्या. मग म्हणाल्या, "तू मले पयलेच सांगतलं असतं तं म्या माया पोरीले तसं इचारलं नसतं."

मला तेव्हा कळलं तू का गेलीस. मी समजत होते, माझ्यावर रागावून गेलीस, लोक बोलतात म्हणून गेलीस. तुझ्या आईने तुला तोच प्रश्न विचारला होता, म्हणून गेलीस. कार्डावर सही करताना तू माझ्यावर विसंबलीस आणि घरी येऊन तुला स्वतःच्या आईपुढे सिद्ध करावं लागलं की तू लबाड नाहीस. आणि ते सिद्ध करायला तुझ्याकडे काहीच नव्हतं, कारण अक्षर माझं होतं, पण सही तुझी होती.

काकू रविवारी तुझ्याकडे यायला निघणार आहेत. हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून आजच टाकते. त्यांना बोलता येणार नाही धड. तू समजून घे. माझ्यावरचा राग मला ठेव, सगळा ठेव, मी कुठे पळून जात नाही. त्यांच्यावर ठेवू नकोस.

फॉर्म २० तारखेला, शनिवारी. ऑफिस चारला बंद होतं.

आभा


दारव्हा
२० जानेवारी २००७

सलोनी,

समोर बोलायची सोय मी ठेवली नाही, म्हणून पत्रच. आज तू इथे दीड कोसावर असताना पोस्टाचं तिकीट लावायचं म्हणजे गंमतच आहे.

मी सकाळी दहापासून कॉलेजात होते. लायब्ररीची खिडकी फाटकाकडे उघडते, तिथे बसले आणि केमिस्ट्री उघडून ठेवली. बारा वाजले, दोन वाजले. दिग्रसहून येणाऱ्या प्रत्येक जीपला मी उठून उभी राहत होते. लायब्रेरियन बाईंनी दोनदा विचारलं, पोट दुखतं का म्हणून. पावणेतीनला मी ठरवलं की तू येत नाहीस. पुढच्या वर्षी तू सेकंड इयर आणि मी फायनल, एवढा विचारही करून झाला.

सव्वातीनला तुम्ही दोघी फाटकातून आलात. तू पुढे, काकू मागे, त्यांच्या हातात तुझी पिशवी. तू सरळ ऑफिसात गेलीस. वीस मिनिटांनी बाहेर आलीस तेव्हा पावती तुझ्या हातात होती, ती मी लायब्ररीच्या दारातून पाहिली. तेवढ्यावर मी निघून जायला हवं होतं. पण तू बोर्डापाशी थांबलीस आणि मीही दारातच थांबले.

तू आधी मनात वाचलंस. मग काकूंना हात धरून जवळ घेतलंस आणि त्यांना वाचता येत नाही म्हणून मोठ्याने वाचायला लागलीस. व्हरांड्यात दहाबारा जण असतील. सगळे थांबले. 'माझ्या प्रतिस्पर्धी कु. सलोनी यांनी कार्ड बरोबर आहे का असे मला विचारले असता, चूक माहीत असूनही मी होय असे सांगितले.' ही ओळ तू जशी बाकीच्या वाचल्यास तशीच वाचलीस, आवाज चढवला नाहीस की उतरवला नाहीस. खाली माझं नाव आलं, तेही वाचलंस, वर्ग आणि हजेरी क्रमांकासकट. काकूंनी पदर तोंडाला लावला. तू म्हणालीस, "ऐकलं ना, माय?" त्या म्हणाल्या, "ऐकलं वं बापा. चाल आता, घरी चाल."

मग वळताना मी तुला दिसले. मला वाटलं, न बघता जाशील. तू माझ्यापर्यंत चालत आलीस आणि म्हणालीस, "फॉर्म भरला म्या. तुयासाठी नाही भरला."

मी म्हटलं, बरं.

इतके दिवस पानंच्या पानं लिहिणारी मी, मला तेवढाच शब्द सुचला. तू गेल्यावर मी सायकल स्टँडच्या मागे जाऊन पोटभर रडले. दुःखाने नाही आणि आनंदानेही नाही, किंवा दोन्हींनी. तुझ्या मैत्रीची आशा मी आता धरत नाही. तू धरू दिलीस तर धरीन. दोन वर्षं मला स्पर्धा नाही, पण उकंडाकाकांची वाळू कोणी बंद केलेली नाही. मी रोज सहाला जाणार आहे. तुला त्या वेळेला मी नको असेन तर उकंडाकाकांजवळ निरोप ठेव, मी संध्याकाळी जाईन. सात काठ्यांतल्या तुझ्या चार मी आजच मैदानावरच्या क्लबच्या खोलीत ठेवून आले.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "आली का?"

मी म्हटलं, "आली."

आभा